काळ्या काचेमागचे धर्माजी

मित्रांनो, मी एका परदेशी मोटारीच्या दाराची जुनी काच आहे. आता खालापूरच्या एका भंगारवाल्याकडे गवतात पडून आहे. तरीही धर्माजींची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

माझ्या मोटारीच्या दारांना वर चौकट नव्हती. दार उघडले की मी हवेत एकटीच उभी राहायचे. लावले की छताच्या रबरात घट्ट रुतायचे. रसायनीच्या एका कारखानदाराने ती मोटार जुनी विकत घेतली आणि पोशीरचे धर्माजी तिच्यावर ड्रायव्हर आले. ते मला हलक्या हाताने पुसत. "हिला वरून आधार नाय, दार हळू लावा," असे ज्याला त्याला बजावत.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मालकांना काचांवर काळी फिल्म हवी झाली. धर्माजींनी मोटार खोपोलीला त्यांच्या भाच्याच्या, चंदरच्या दुकानात नेली. चंदरने मला साबणाच्या पाण्याने धुतले, फिल्म अंगावर पसरली आणि रबरी पट्टीने आतले पाणी निपटून काढले. वरची कड मात्र त्याने दोराभर कोरी सोडली.

"काठापर्यंत नेली तर दार लावताना रबर तिला उचकटंल, मामा."

"पण लय काळी केलीस रं. आतला मानूस दिसंल का?"

"शेटला तेच हवं हाय."

दोघेही हसले. मलासुद्धा माझ्या नव्या रूपाचा अभिमान वाटला. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघू लागले.

मे महिन्यात मालक कर्जतला एका लग्नाला गेले. धूळ येते म्हणून काचा खाली करायच्या नाहीत, अशी त्यांची ताकीद होती. धर्माजी आतच बसून राहिले. भर दुपारी त्यांनी एकाएकी छाती दाबून धरली. काच उतरवायच्या दांडीला हात घातला, पण ती फिरवायचे बळ उरले नव्हते. ते सीटवर आडवे झाले. पडल्या पडल्या त्यांनी बोटांनी माझ्यावर टकटक केली. बाहेर बँड जोरात वाजत होता.

माणसे येत-जात होती. एका वऱ्हाड्याने माझ्यात बघून भांग पाडला. एका बाईने नथ सारखी केली. मग धर्माजींची बायको भीमाबाई पोशीरहून त्यांचा डबा घेऊन आली. तळहातांचा आडोसा करून तिने मला कपाळ टेकले. तिला तिचेच डोळे दिसले.

"जेवाया गेलं वाटतं," ती पुटपुटली. शेटच्या गाडीचे दार उघडायची तिची छाती झाली नाही. माझ्याच दाराला टेकून ती सावलीत बसली. तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, धर्माजींचा श्वास मंदावत गेला. मला तो ऐकू येत होता. मला ओरडता येत नव्हते.

मालकांनी येऊन दार उघडले, तेव्हा सारे संपले होते.

काही दिवसांनी चंदर कारखान्यावर आला. थेट ब्लेड काढून माझ्यावरची फिल्म खरवडू लागला.

"अरे, नवीकोरी फिल्म का काढतोस?" मालक ओरडले.

"मामी ह्याच दाराला टेकून बसली व्हती, शेट."

चंदरचे ब्लेड थांबले नाही. मालक मान खाली घालून आत गेले. पण महिना उलटायच्या आत त्यांनी दुसऱ्या दुकानात मला पुन्हा काळे करून घेतले.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण बंद गाडीत कुणी तुमची वाट बघत बसले असेल, तर त्याच्यासाठी एक तरी काच उघडी राहू द्या.