विशेष काही नाही

मॅडमनी पडद्यावर दोन ब्लॉग शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, “चौदा नंबर कोण आहे?”

मागच्या बाकावरून एक हात वर गेला. बर्फवालीचा. तिला आम्ही सगळे बर्फवाली म्हणायचो, कारण ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची आणि तशीच वर्गात यायची. बर्फाच्या पिशव्या ठेवलेला तिचा निळा डबा बाकाखाली असायचा. तिचं खरं नाव हजेरीच्या वेळी रोज कानावर पडायचं, पण आमच्यापैकी कुणी कधी ते घेतलं नाही. मीही नाही.

मॅडम म्हणाल्या, तीन नंबरने हे एकोणीस तारखेला लिहिलंय आणि चौदा नंबरने सव्वीसला. मुद्दा तोच, उदाहरण तसंच, दोन वाक्यं तर जशीच्या तशी. यावर काही सांगायचंय का?

तीन नंबर मी. मला खूप काही सांगायचं होतं. मी वहीत समास आखत बसलो.

आता सगळं सांगतोच. मी रक्त घेणारा माणूस. मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीसमोर बसलो. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळा म्हणायचं, टोचायचं, कापूस द्यायचा, पुढचा. शीर हाताला लागणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ, अशी माझी ख्याती. ती पसरवणारा बहुतेक मीच. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपलीच असं मी धरून चाललो होतो. तर वरून हुकूम आला की त्यासाठी संध्याकाळचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पास व्हायला हवा. एक्कावन्नाव्या वर्षी मी पाठीला बॅग लावून वर्गात गेलो. बाकीचे पोरवयाचे, ते मला काका म्हणू लागले.

त्या अभ्यासक्रमात एक नवीनच खूळ होतं. दर आठवड्याला आपल्या कामाबद्दल ब्लॉग लिहायचा, नाव न घालता फक्त नंबर घालून. मग प्रत्येकाने दुसऱ्या दोघांचे ब्लॉग वाचून वीसपैकी गुण द्यायचे. त्याचा एक तक्ता होता. मुद्दा स्पष्ट आहे का, उपयोगी आहे का, काय सुधारावं, आणि सगळ्यात खाली एक प्रश्न: यातून तुम्ही काय शिकलात? मॅडमचं म्हणणं, हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मला तो सगळ्यात फालतू वाटायचा. कालच्या पोरांकडून मी काय शिकणार?

माझ्या वाट्याला चौदा नंबर आला. दुसऱ्याच ओळीत कळलं की ही बर्फवाली. जिने, बंद लिफ्ट, उशाशी ठेवलेले दात, पलंगाच्या कडेला टेकून घेतलेले नमुने, दुसरं कोण असणार? सगळा लेख एका दमात लिहिलेला, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मी तुच्छतेनेच वाचायला घेतला. घरोघरी फिरून रक्त गोळा करणं हे काय काम झालं, हे माझं तेव्हाचं मत. ते लपवण्यात आता अर्थ नाही.

लेखाच्या मध्यावर तिने लिहिलं होतं की म्हाताऱ्या माणसांच्या शिरा निसटतात, तेव्हा ती पट्टा बांधायच्या आधी एक प्रश्न विचारते. ‘मागच्या वेळी कुठून मिळालं होतं?’ पुढे लिहिलं होतं, ‘माणसाला आपला हात माहीत असतो. आपण विचारत नाही म्हणून तो सांगत नाही. उत्तर येईपर्यंत मी थांबते. तेवढ्यात माझे हातही चोळून गरम होतात, बर्फाने ते नेहमी गार असतात.’

बस, एवढंच. बावीस वर्षांत मी हे कुणालाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी एक म्हातारे शिंपी आले. कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘शीर मिळत नाही.’ गेल्या वेळी त्यांना चार ठिकाणी टोचलं होतं, त्यातले दोन प्रयत्न माझेच. ते बाही वर करतानाच डोळे मिटून बसले. मी पट्टा हातात घेतला, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, विचारलं, “आजोबा, कुठून मिळतं बरं तुमचं?”

त्यांनी डोळे उघडले. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. एका टोचणीत नळी भरली. जाताना ते बाहेर बाकावर बसलेल्यांना सांगत गेले की या माणसाने मला विचारून घेतलं. मी ऐकत होतो. छान वाटलं, कशाला खोटं बोलू?

आणि त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी तिचा तक्ता भरला. वीसपैकी अकरा. सुधारणा या रकान्यात मुद्देसूद लिहिलं: लेख सलग एका दमात आहे, परिच्छेद पाडावेत, शीर्षक बदलावं, जुना काढून नव्याने टाकावा. मग खालचा प्रश्न आला. यातून तुम्ही काय शिकलात?

मी लिहिलं, ‘विशेष काही नाही.’

शिंप्याच्या नळीवरचं लेबल अजून नीट वाळलंही नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी फक्त कोत्या मनाचा ठरलो असतो. पण त्या आठवड्याला मला लिहायला काही सुचेना. खिडकी, खुर्ची, पट्टा यांच्यावर माणूस किती आठवडे लिहिणार? मग मी शिंप्याबद्दल लिहिलं. लिहिता लिहिता तो प्रश्न माझाच झाला. ‘अनुभवातून मी एक गोष्ट शिकलो,’ असं सुरू केलं. माणसाला आपला हात माहीत असतो, हेही लिहिलं. तिचा लेख नावच नसलेल्या गर्दीत पडलेला, कोण वाचतंय?

बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, “चांगलंय. पण हे तुमचं वाटत नाही. तुम्ही कधी कुणाला विचारता?”

मी चिडलो. तुला माझ्या कामातलं काय कळतं, असं काहीतरी बोललो. तिने घडी पूर्ण केली आणि पुढचा कपडा उचलला.

तर वर्गात त्या संध्याकाळी हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि बर्फवाली उभी राहिली होती. ती म्हणाली, “मॅडम, माझं बारा तारखेलाच लिहून झालं होतं. मग मूल्यमापनात कुणीतरी सुचवलं की जुना काढून नव्याने टाका. म्हणून सव्वीसला परत टाकला.”

माझे कान तापले. तारीख बदलेल हे मला माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. एवढी अक्कल मला असती तर पहिल्याच आठवड्यात ब्लॉग उघडून द्यायला मुलीला फोन करावा लागला नसता. पण माझ्याच सल्ल्याने ती पुरावा पुसून बसली होती, आणि ते ओळखणारा वर्गात मी एकटा होतो.

मॅडम म्हणाल्या की नव्याने टाकणं म्हणजे दुसऱ्याचं टाकणं नव्हे. दोनचार जण हसले. नियम सगळ्यांना ठाऊक होता: नक्कल सापडली की या खेपेला बाद. आणि बर्फवालीची गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या दवाखान्याने कळवलं होतं की पुढच्या वर्षापासून प्रमाणपत्र नसलेल्यांना ठेवणार नाही. माझी बढती जाणार होती फार तर, तिचं कामच जाणार होतं.

आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला बजावत होतो. आणि वहीतल्या समासावरच पुन्हा रेघ ओढत होतो.

मग तीच बोलली. आवाज चढवला नाही. “तीन नंबर कोण आहेत मला माहीत नाही. पण त्यांनीही चोरलं नसेल, मॅडम. हात नीट बघणाऱ्या कुणालाही हे सुचेल. ते काही माझ्या एकटीचं नाही.”

मॅडमनी कार्यालयाला विचारून सांगते म्हटलं आणि तास संपवला. बर्फवालीने बाकाखालून डबा ओढला. माझ्या बाकाजवळून जाताना नेहमीसारखं म्हणाली, “येते काका.” मी मान हलवली. तेवढंही मला करता यायला नको होतं.

घरी आलो तर मूल्यमापनं उघडली होती. मला एकाने अठरा दिले होते. दुसऱ्याने पूर्ण वीस. खालच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं: ‘मला वाटायचं, असं विचारणारी मी एकटीच. कुणीतरी आणखी आहे हे वाचून फार बरं वाटलं. तुम्ही माझ्यापेक्षा छान लिहिलंत. उत्तर येईपर्यंत थांबावं असंही त्यात घालाल का? तेवढ्यात हात गरम करून घेता येतात.’

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. तिने माझ्यात सोबत शोधली होती, आणि मी तिला अकरा दिले होते.

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि वाचला. ही कोण, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, शिंप्यापासून. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मग बसून काय राहिलात?”

मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं: हे माझं नाही. चौदा नंबरचं आहे. मी तिचा बारा तारखेचा लेख वाचून लिहिलं. खाली नंबर न घालता पूर्ण नाव घातलं. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की चौदा नंबरचे गुण जसेच्या तसे राहतील, तुम्हाला मात्र बाद करावं लागेल. मी हो म्हटलं. गुण मीच दिले होते, एवढं मात्र तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. कबुली देतानाही मी हात आखडताच ठेवला.

प्रमुखाची जागा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान सहकाऱ्याला मिळाली. मला वाटलं, आता वर्गाचं तोंड बघायला नको. पण मॅडमचा फोन आला. रविवारी प्रात्यक्षिक परीक्षा, सगळ्यांनी जोडीने एकमेकांचं रक्त घ्यायचं. “तुम्हाला धरून चोवीस जण आहेत, तुम्ही नसलात तर जोडी फुटेल. तुमची परीक्षा नाही,” त्या म्हणाल्या, “फक्त तुमचा हात लागेल.”

बावीस वर्षांच्या अनुभवाला शेवटी एवढंच बोलावणं आलं. मी गेलो.

सगळ्यांनी माझी कबुली वाचलेली होती. काका म्हणणारी पोरं एकाएकी सुया मोजण्यात गुंतली. एकेक जोडी जमत गेली आणि मी भिंतीपाशी बाही वर करून कानकोंडा होऊन बसलो. शेवटी कुणीतरी स्टूल ओढलं. खाली निळा डबा ठेवला. सकाळच्या घरभेटी करूनच ती आली होती.

तिने हातमोज्यांची जोडी काढून बाजूला ठेवली. मॅडम दोन टेबलं सोडून उभ्या होत्या. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “ते अकरा मीच दिले होते. विशेष काही नाही, असं मीच लिहिलं होतं.”

ती तळवे एकमेकांवर चोळत होती. “ओळखलं होतं,” ती म्हणाली. “बारा तारखेचा लेख वाचल्याचं तुम्ही लिहिलंत, तेव्हाच. तो मूल्यमापनाला दोघांकडेच गेला होता. परिच्छेदाचं मात्र बरोबर होतं तुमचं. आता लोक शेवटपर्यंत वाचतात.”

मला वाटलं होतं की ती काही लागेल असं बोलेल, आणि मी ते ऐकून घेईन, म्हणजे फिटेल. तिने तेवढंही दिलं नाही. तिने हातमोजे चढवले, माझा हात आपल्या बाजूला वळवून घेतला आणि खिशातून पट्टा काढला. बांधला मात्र नाही.

“काका,” तिने विचारलं, “मागच्या वेळी कुठून मिळालं होतं?”

सोपा प्रश्न होता. पलीकडे जोड्यांच्या नळ्या भरत होत्या, मॅडम घड्याळ बघत होत्या. ती माझ्या हाताकडे बघत, पट्टा तसाच धरून, उत्तर येईपर्यंत थांबली.