गुळाकडं निघालेली मुंगी

ज्या पोरांना स्वतःचा शेंबूड पुसता येत नाही, त्यांनी म्हणे यंत्राला हुकूम सोडायचे! इंदिराबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि ते त्यांनी लपवलंसुद्धा नाही. बेंगळूरच्या चिकपेटेतल्या मराठी मंडळाच्या बालवर्गात त्या अठरा वर्षं शिकवत होत्या. सव्वीस पोरं, एक फळा, एक खुर्ची, आणि हाताची घडी तोंडावर बोट. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज बँकेत होती, कचेरीत होती, कापडाच्या पेढ्यांवर बसली होती. त्यातल्या एकाचंही मुंगीवाचून काही अडलं नव्हतं.

ही मुंगी आणली वीणाबाईंनी. वीणाबाई पुण्याच्या. नवरा रत्नाकर इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बेंगळूरला येऊन दोन वर्षं झाली तरी बाई भाजीवालीशी हिंदीत बोलत, आणि भाजीवाली कन्नडात उत्तर देऊन त्यांच्या पिशवीत किडकी वांगी घालत असे. पण तोरा असा, की जणू गावाला शहाणं करायलाच आल्यात. "इंदिराबाई, 'स्वल्प थांब' नाही हो म्हणायचं. 'जरा थांब' म्हणावं," असं त्यांनी मुंगी घेऊन वर्गात आल्या त्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तेही भर वर्गात, पोरांच्या देखत. इंदिराबाईंचे पणजोबा पलटणीबरोबर इथं आले, तेव्हापासून त्यांच्या घरात स्वल्पच होतं. ही कोण कालची आलेली?

मुंगी म्हणजे चाकं लावलेलं एक लाकडी खोकं. तोंडाला दोन तारांच्या मिशा, पोटात बॅटरीचे सेल आणि रत्नाकररावांनी कारखान्याच्या भंगारातून वेचलेलं काय काय. पाठीवर एक फट, आणि फटीत पितळेच्या बारीक पट्ट्या. भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक त्या फटीत सरकवली, की मुंगी तेवढंच करी. सरळ बाणाचं कार्ड घातलं तर पुढं, उजव्या हाताचं घातलं तर उजवीकडं. सोबत वीणाबाईंनी स्वतः रंगवलेलं चित्रांचं पुस्तक. दर पानावर एकीकडं मुंगी, दुसरीकडं गुळाचा खडा, मध्ये डबकं नाहीतर दगड. पोरांनी पान बघायचं, कार्डं लावायची आणि खाली खडूनं तसंच आखून मुंगीला गुळापर्यंत न्यायचं.

मुंगी डबक्यात गेली, की पोरं एकेका कार्डावर बोट ठेवत म्हणत, "आधी काय? मग काय? चूक कुठं?" चूक सापडली की तेवढंच कार्ड बदलायचं. वीणाबाई वर आणि आरतीच्या चालीत घोकून घेत, "यंत्र कधी चुकत नाही, बाळांनो. आपण चुकतो." आणि सव्वीस पोरं डोळे मोठे करून तेच म्हणत. इंदिराबाई कोपऱ्यात बसून चष्म्यातून हे बघत आणि मनात म्हणत, थेरं नुसती.

थेरं असती तरी चाललं असतं. पण मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव त्या मुंगीवर भाळले. दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडणारा माणूस. चालतं खोकं बघून लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. त्यांनी जाहीर करून टाकलं, की खंडेनवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, पालकांसमोर मुंगीचा प्रयोग व्हायचा. नीट झाला तर दिवाळीपासून बालवर्ग वीणाबाईंकडं. "आणि तुम्ही आहातच की मदतीला, अक्का," असंही ते वर म्हणाले. मदतीला म्हणजे काय, ते इंदिराबाईंना पक्कं ठाऊक होतं. पोरांना मोरीकडं न्यायचं आणि माठ भरायचा. अठरा वर्षांनंतर हे.

आयुधपूजेला सगळ्या गावात असतं तेच मंडळात होतं. शिलाईयंत्राला हार, कात्रीला गंध, हिशेबनिसाच्या सायकलीला ऊस बांधलेला. रत्नाकरराव कारखान्यातल्या पूजेला अडकले होते. वीणाबाई आतल्या खोलीत पोरांकडून कार्डं लावून घेत होत्या. सभागृहात टेबलावर मुंगी होती आणि राखायला इंदिराबाई. जाताना वीणाबाईंनी बजावलं होतं, "पितळेला कुणाचा ओला हात लागू देऊ नका. तेल तर मुळीच नको. मग ती कार्ड ओळखत नाही." हे त्यांनी तीनदा सांगितलं, मंदबुद्धीच्या माणसाला सांगतात तसं.

तेवढ्यात हणमंतराव तबक घेऊन आले. यंत्राची पूजा नको? त्यांनी खोक्याच्या कपाळाला कुंकू लावलं, चाकांना लावलं. मग त्यांना फटीतलं पितळ दिसलं. देवघरातल्या समईला लावावं तितक्या भक्तीनं त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं, फटीत घातलं आणि एकेका पट्टीला फासलं. वरून शेवंतीचं फूल खोचलं.

इंदिराबाई चार हात अंतरावर उभ्या होत्या. तोंड उघडायला काय लागत होतं? 'अण्णा, तिथं नको', एवढे तीन शब्द. पण त्यांच्या डोळ्यांसमोर माठ आला, मोरी आली. त्यांनी मूग गिळले. वळून पाहिलं तर आतल्या दारात वर्गातली नयना, पेठेतल्या आप्पाजी बाइंडरांची नात, उभी होती. पाच वर्षांची कार्टी. तिला काय कळतंय, असं म्हणून इंदिराबाईंनी तिला आत पिटाळलं.

प्रयोग सुरू झाला. नयनानं पाच कार्डं लावली, वीणाबाईंनी शेवंती काढून ठेवली आणि कार्डं फटीत सरकवली. मुंगी घरघरली आणि जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. पालक हसले. वीणाबाईंचा चेहरा उतरला, पण ताठा उतरला नाही. खोक्यात काही बिघडलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. "नयना, क्रम चुकवलास तू," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि कार्डं उलटसुलट करायला लागल्या. मुंगी पुन्हा गिरक्याच घेत होती. "किती वेळा सांगितलं, नीट बघून लाव म्हणून!" नयना रडली नाही. तिनं लावलेला क्रम बरोबर होता, हे इंदिराबाईंनाही दिसत होतं. पुण्याची हुशारी ती हीच का, असं वाटून त्यांना आतून गुदगुल्या होत होत्या.

तिसऱ्या खेपेला मुंगी गिरक्या घेत सरकत टेबलाच्या कडेवरून खाली पडली आणि तिची एक मिशी वाकली. हणमंतरावांनी उपरणं झटकलं. "ज्याला पूजा मानवत नाही, ते काय चालायचं?" ते म्हणाले. "पुरे झालं, वीणाबाई. वर्ग अक्कांकडंच राहू दे. सरी, ठरलं?" आपल्याच बोटांनी घाण केली हे त्या शहाण्याच्या गावीही नव्हतं. वीणाबाईंनी खोकं पदराखाली घेतलं आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. चित्रांचं पुस्तक तेवढं वर्गातच राहिलं.

सुट्टी संपून वर्ग भरला तेव्हा इंदिराबाई खुर्चीवर ऐसपैस बसल्या. पुस्तक त्यांनी कपाटाच्या माथ्यावर टाकलं. "पाट्या काढा. ग गवताचा," त्या म्हणाल्या. पोरं मुकाट्यानं लिहायला लागली. सगळं पूर्वीसारखं झालं होतं आणि इंदिराबाईंना फार बरं वाटत होतं.

नयना पाटी घेऊन पुढं आली. पाटीवर ग नव्हता. पाच चौकोन काढले होते. पहिल्यात एक लठ्ठ बोट, त्याला लाल खडूचा ठिपका. दुसऱ्यात मुंगी, तिच्या पाठीवर तोच ठिपका. तिसऱ्यात चष्मा लावलेली एक बाई, चष्म्यात दोन मोठाले डोळे. चौथ्यात तीच बाई, पण तिला तोंडच काढलं नव्हतं. पाचव्यात ती बाई खुर्चीवर बसली होती.

"आधी अण्णांनी कुंकू लावलं," नयना पहिल्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली. "मग ते मुंगीला लागलं. मग तुम्ही बघितलं. मग तुम्ही बोलला नाही. मग तुम्हाला वर्ग मिळाला." तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. गणित तपासायला आणावं तशी ती उभी होती. "वीणाबाई म्हणाल्या माझा क्रम चुकला. ह्यात कुठं चुकलाय का, बाई?"

इंदिराबाईंनी पाटीकडं पाहिलं. ही पोरगी खोटं बोलतेय म्हणून तिच्या पाठीत एक धपाटा घालता आला असता. अठरा वर्षांत असे पुष्कळ घातले होते. त्यांनी पाच चौकोन पुन्हा एकदा नीट पाहिले. ज्या पोरीला काय कळतंय म्हणून आत पिटाळलं, तिनं एक पायरीही सोडली नव्हती. इंदिराबाईंना स्वतःची किळस आली.

"नाही," त्या म्हणाल्या. "चूक नाही. पुस आता."

"बरोबर असलं की पुसायचं नसतं," नयना म्हणाली. तिनं पाटी फिरवून वर्गाकडं धरली, आणि मागची पोरं ग पुसून आपापल्या पाटीवर पाच चौकोन आखायला लागली.