नालबंदाचा अंगठा

"बैलाला तोंड नसतं रे, पण तुला तर आहे ना? पंधरा दिवस जनावर लंगडतंय, आन तू आज आणतोस होय त्याला?"

आमचा नालबंद गवळ्याला झाडत होता. गवळ्याचा बैल अंगणात पाडलेला, चारी पाय एकत्र आवळलेले, आणि दोराचं टोक नालबंदाच्या बायकोच्या मुठीत. खुराला ठोकलेली लोखंडी पत्री एका बाजूनं निखळून आत रुतली होती, आणि तिथून पिवळं पाणी येत होतं. गवळी बिचारा मान खाली घालून उभा.

"खूर म्हणजे काय? नखच ते! नखाकडं काणाडोळा केला की पाय जातो, पाय गेला की जनावर जातं. लिहून ठेव!"

"जनावराला निदान मालक आहे, ओढून आणायला," दोर न सोडता वहिनी म्हणाली. "तुम्हाला कोण आणणार? स्वतःचं पाऊल बघा की जरा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. नालबंदानं उजव्या बुटाच्या टोकाला लिंबाएवढी खिडकी कापली होती. त्यातून अंगठा डोकावत होता. लाल, तुकतुकीत, फुगलेला. नखाची एक कड मांसात घुसलेली, आणि त्या कडेवर ओलं मांस उगवून आलेलं.

"त्याला हवा लागली की झालं," नालबंद म्हणाला. "नखाएवढी गोष्ट. तिचा काय बाऊ करायचा!"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हे त्याच्या तोंडावर म्हणणार कोण? त्याच्या हातात हातोडा होता.

माझं सुतारकामाचं छप्पर त्याच्या अंगणासमोरच, त्यामुळं त्या अंगठ्याचं सगळं चरित्र माझ्या डोळ्यांपुढं घडलं. सुरुवात त्यानं स्वतःच केली. बूट पुढं आवळत होता, नख टोचायला लागलं. आता नख टोचलं तर माणूस काय करील? कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवील, चार दिवस सैल चप्पल घालील, नाहीच जमलं तर दवाखाना गाठील. ह्यानं खूर साळायची वाकडी सुरी घेतली. त्याच सुरीनं सकाळी तीन बैलांचे खूर साळले होते. मांडीवर पाय घेतला आणि नखाचा कोपरा मुळापासून कोरून काढला. वर मला दाखवला. "बघ सुतार, आपल्या हाताला नख म्हणजे काय, लोणी!"

लोणी पंधरा दिवसांत परत वाढलं. कोरलेल्या जागी नखाची बारीक कूस राहिली होती, ती काट्यासारखी मांसात गेली. मग पू धरला. मग गावानं आपापलं ज्ञान आणून त्या अंगठ्यावर ओतलं. न्हावी म्हणाला, नखाच्या मधोमध खाच पाड, म्हणजे कडा आपोआप मधे ओढल्या जातात. पाडली. कडा होत्या तिथंच राहिल्या, वर खाच मात्र वाढली. गवळी म्हणाला, गाडीच्या कण्याचं वंगण लाव. तेही लावलं. वंगणानं गाडी चालते, अंगठा चालत नाही, हे कळायला एक आठवडा गेला.

वहिनी रोज एकदा म्हणायची, "दवाखान्यात चला."

तो रोज एकदा म्हणायचा, "नखासाठी? लोक हसतील."

"लोक हसतातच आहेत. दारच्या कुत्र्याला विचारा, तुमच्या पायापाशी नाक घेऊन का बसतंय ते."

ते दिवस पेरणीआधीचे. जमीन तापून भाकरीच्या तव्यासारखी झालेली, ढेकळं दगडासारखी, आणि त्या जमिनीवरून गाड्या ओढून ओढून साऱ्या गावाच्या बैलांच्या पत्र्या झिजलेल्या. नालबंदाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या बुटाच्या खिडकीतून धूळ, शेण, खुराचा चुरा, सगळं आत जायचं. तो दिवसभर टाच टेकून चालायचा. त्याचं म्हणणं असं, की ही त्याची ऐटीची चाल आहे.

मग एक दिवस सकाळी सकाळी तो माझ्याकडं आला. चेहरा असा, जणू लढाई मारलीय.

"सुतार, गेलं!"

"काय गेलं?"

"दुखणं! चार दिवस झाले, ठणका म्हणून नाही. मी म्हणत नव्हतो? आपलं शरीर आपल्याला ओळखतं."

मी अंगठ्याकडं बघितलं. लाल होता तो आता जांभळा झाला होता, टोकाला काळपट. सूज पावलावर चढलेली. मला काही तो बरा वाटेना. पण माणूस एवढा खुशीत होता, की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती माझी चूक. ती मी कबूल करतो.

त्याच दिवशी दुपारी गवळी दुसरा बैल घेऊन आला. बैल आडदांड. वहिनी दोर सोडवत होती, आणि नालबंद गवळ्याला सांगत होता, की दुखणं अंगावर काढायला छाती लागते, आजकालच्या माणसांचं ते काम नाही. बोलता बोलता बैल सरकला आणि त्यानं पुढचा पाय नेमका नालबंदाच्या पायावर ठेवला. सगळा भार टाकून. नालबंदाचं बोलणं चालूच.

गवळ्याचा चेहरा पांढरा पडला. "नालबंद, बैल पायावर आहे."

"कुणाच्या?"

"तुमच्या!"

नालबंदानं खाली बघितलं. बुटाच्या खिडकीतून रक्त आणि पू एकदमच येत होतं. तो हसला. "बघितलंस? ह्याला म्हणतात छाती!"

वहिनी हसली नाही. तिनं बैलाला मागं रेटलं. मग तोच दोर घेऊन ती नवऱ्याच्या मागं गेली. वीस वर्षं ती बैल पाडत होती. कुठं फास टाकायचा आणि कुठं झटका द्यायचा, हे तिला काय शिकवायचं होतं? एक फास, एक झटका, आणि आमचा नालबंद पेंढ्यावर उताणा.

"अगं ए! लोक बघतायत!"

"बघू देत. भावजी, पाय धरा. तो नाही, चांगला धरा."

मी चांगला पाय धरला, गवळ्यानं खांदे धरले, आणि दुधाच्या कॅनांच्या शेजारी त्याला गाडीत घातलं. मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्याकडं जाताना तो आम्हा तिघांना शिव्या घालत होता. अर्ध्या वाटेवर शिव्या थांबल्या. वहिनीनं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि पोटरीपर्यंत एक लाल रेघ चढली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं नालबंदाच्या लेकीएवढी. तिनं पायाला सुई टोचत टोचत विचारलं, "इथं कळतंय? इथं?"

"काही नाही," नालबंद अजून तोऱ्यात. "दुखतच नाही, बाई. म्हणून तर म्हणतो, घरी सोडा."

"दुखत नाही हीच वाईट बातमी आहे, काका. रक्तात साखर किती आहे, कधी तपासली होती?"

"मला काय झालंय साखर तपासायला?"

तपासली. आकडा ऐकून वहिनी बाकावर बसली. पायाचा फोटो काढला, त्यात दिसलं, की अंगठ्याचं हाड आतून कुजलंय. साखरेनं पायाची जाणीव मारली होती, आणि जखम बिनबोभाट आत आत चालली होती.

"बरं, मग ते नख काढून टाका," नालबंद म्हणाला. आवाज आता बारीक झाला होता.

"नख काढून काय करू? ते ज्याच्यावर बसलंय तेच गेलंय. अंगठा काढावा लागेल. आज काढला तर पाय वाचेल. घरी गेलात, तर पुढच्या वेळी मी घोट्याविषयी बोलेन."

वहिनीनं विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

"जागा बधिर करून नखाची कड काढली असती. अर्ध्या तासाचं काम. साखरही तेव्हाच सापडली असती. चालत घरी गेले असते."

नालबंदानं भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो त्यानं झटकला नाही.

अंगठा गेला, पाय राहिला. गावाला वाटलं, एका अंगठ्यानं काय अडतं? पण बैलाचा पाय मांडीवर घेऊन उकिडवं बसायचं, तर शरीराचा तोल त्या अंगठ्यावरच. पावसाळा सरल्यावर जखम भरली, तसा तो पहिल्यांदा कामाला बसला, आणि खुरासकट मागं कलंडला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा कलंडला. तिसऱ्यांदा बसला नाही. गवळी आपल्या पायांकडं बघत उभा राहिला.

वहिनीनं दोर गवळ्याच्या हातात दिला. "धर. ढिला सोडलास तर तुलाच पत्री मारीन." आणि तिनं हातोडा उचलला. पहिली पत्री वाकडी बसली. ती तिनं उपटली, खूर पुन्हा साळला, नवी बसवली. बैल उठला, चार पावलं चालला, आणि सरळ चालला. नालबंदानं खोट शोधायला मान वाकडी करून बराच वेळ बघितलं, पण सापडली नाही.

आता अंगणातलं काम तिचं. तो शेजारी बाकावर बसून असतो, गोळ्या वेळेवर घेतो, रोज संध्याकाळी आरसा धरून तळपाय तपासतो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. परवा परगावचा एक गाडीवाला आला, लंगडत. नालबंदानं त्याला आधी बूट काढायला लावला आणि बघितल्याबरोबर झाडायला सुरुवात केली.

"आजच्या आज दवाखान्यात जा! मी गेलो म्हणून पाय वाचला. घरचे सगळे म्हणत होते, नखासाठी कशाला जाताय, लोक हसतील. मी म्हणालो, हसू देत. उठलो आन गेलो. बायकोलाही धाक दाखवून सोबत नेलं."

मी रंधा थांबवून वहिनीकडं बघितलं. खूर तिच्या मांडीवर होता आणि ओठांत पाच खिळे धरलेले, त्यामुळं तिला तोंड उघडता येत नव्हतं. तिनं त्यातला एक खिळा काढला, पत्रीच्या भोकात उभा केला, नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं आणि एका घावात मुळापर्यंत बसवला.

गाडीवाला मात्र ताबडतोब दवाखान्याच्या वाटेला लागला.