कुडपणची घरं माझ्यावर मांडली तेव्हा

मी मुंबई महानगर प्रदेशाचा नकाशा बोलतोय, महाडच्या एका बैठकीच्या खोलीतून. पुढे सांगतो ते मला नीट आठवतंय का, याची मलाच शंका आहे. घडीवरची अक्षरं उडालीत. मी छापला गेलो तेव्हा पनवेलला महापालिकाही नव्हती. तिची हद्द कमलाकर सरांनी मागाहून लाल पेन्सिलीने काढली. चुकलं तर सांभाळून घ्या.

सर शाळेत भूगोल शिकवत. ते निवृत्त झाले त्याच वर्षी शाळेने मलाही अडगळीत टाकलं, म्हणून त्यांनी मला घरी आणलं. महाड माझ्यावर नाहीच. मी पेण-अलिबागच्या आसपास संपतो. तरी येणारा प्रत्येक जण आधी महाडच शोधतो.

माझ्यावरच्या या प्रदेशाचं मला फार कौतुक वाटतं. मध्ये मुंबई, भोवती ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, नवी मुंबई. माणूस एका महापालिकेत झोपतो, दुसरीत राबतो, तिसरीत त्याची मुलगी कॉलेजला जाते. हद्दीच्या रेषा फक्त मला दिसतात.

एका दुपारी पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणहून महिपत आणि त्याची मुलगी समीक्षा आली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी वीर स्टेशनहून गाडी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाईंदरच्या केंद्रावर आरोग्यसेविका भरतीची परीक्षा.

"उतरणार कुठे?" सरांनी विचारलं.

"हिचा मामा हाय ना मुंबईला," महिपत म्हणाला. "बदलापूरला."

सरांनी मला भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं. एक बोट भाईंदरवर ठेवलं, दुसरं बदलापूरवर. हात चांगलाच ताणावा लागला.

महिपत टेबलावर वाकला. "आमी दोन्हीला मुंबईच म्हणतो, सर."

"साडेसातला परीक्षेचं फाटक बंद होतं," समीक्षा म्हणाली. "मागच्या वेळी पाच मिनिटांनी हुकली. आता वय संपतंय, पुढच्या वर्षी बसता येणार नाय."

सरांच्या पत्नी सुमेधाबाईंनी वाटीत वाल आणून ठेवले. "गावातलं कोण कुठे राहतं ते मांडा बघू. पण दाणे परत हवेत हं, उद्याची उसळ आहे."

महिपत एकेक दाणा ठेवत गेला. आम्रपाली दिव्याला. सहदेव ऐरोलीला. भरत उलव्याला. डोंगरातलं एवढंसं गाव माझ्या अंगभर पसरलं, आणि मला, कबूल करतो, अभिमान वाटला. भाईंदरपाशी मात्र कागद मोकळा.

"बाबा, एक राहिला."

"सगळे झाले."

"रावजीकाका."

रावजी महिपतचा सख्खा भाऊ, भाईंदरला लागूनच मिरा रोडला राहणारा. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारी, यावरून दोघांत सहा वर्षं अबोला.

"त्याच्या दारात मी नाय जाणार."

"मग मी जाते. तुमी नुसता फोन लावा."

महिपतने वालाचा दाणा बराच वेळ बोटांत फिरवला. मग तो मिरा रोडवर ठेवला आणि फोन लावला. "रावजी, मी महिपत," एवढं म्हणाला आणि फोन मुलीच्या हातात दिला. बाकीचं समीक्षाने सांगितलं.

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "ये गो पोरी. त्या बापाला पण आण, सहा वर्षं वाट चुकलाय तो. परवा मला सुट्टीच हाय, मी सोडतो तुला."

समीक्षा वेळेत पोचली, पास झाली. आज ती पोलादपूर तालुक्यातच आरोग्यसेविका आहे. मी पिवळा पडलोय, कडा कुरतडल्या आहेत. नवे पूल, नवे मार्ग माझ्यावर नाहीत; कोणाला वाट सांगायची म्हटली की धास्ती वाटते. एवढीच विनंती, की जुना नकाशा फेकू नका, पेन्सिलीने दुरुस्त करत राहा.

गेल्या वर्षी रावजीची बायको शर्मिला गावी जाताना समीक्षाबरोबर इथे आली होती. तिच्याकडून एक गोष्ट पक्की कळली. परीक्षेच्या दिवशी रावजीला सुट्टी नव्हती. त्याने मागितली होती, मिळाली नाही. तरी तो कामावर गेला नाही, दुपारपर्यंत फाटकाबाहेर महिपतशेजारी बसून राहिला.