लाइनीतली गाडी

"ओ नवे ड्रायव्हर! लाइन सरकली. झोपला का काय?"

मागच्या ट्रकमधून पुंजारामचा आवाज आला तसा मच्छिंद्र दचकला. डोळे उघडेच होते, पण पुढची गाडी कधी हलली ते त्याला दिसलं नव्हतं. त्यानं ट्रक थोडा पुढे नेला आणि परत हँडब्रेक ओढला. जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यासमोर भंगाराच्या गाड्यांची लाइन पार वळणापर्यंत गेली होती. ऊन डोक्यावर आलं होतं.

मच्छिंद्र धावडा गावचा. अर्धं आयुष्य त्यानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला. मोठ्या गाडीचं लायसन काढायला त्याची बायको मीना त्याच्यामागे लागली होती. दिवाळीनंतर ट्रान्सपोर्टात नोकरी लागली, तेव्हा तिनं गल्लीत साखर वाटली.

नोकरीबरोबर एक लॉगबुक मिळालं. गाडी किती तास चालवली, किती तास विश्रांती घेतली, ते त्यात लिहायचं. ठरल्यापेक्षा जास्त चालवायची नाही. ट्रेनिंगच्या साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मच्छिंद्रला बरं वाटलं होतं. आपल्या झोपेची काळजी आजवर मीनाशिवाय कुणी केली नव्हती. पण पहिल्याच खेपेला ऑफिसातल्या बद्रीनाथनं फोनवर समजावलं, "लाइनीत उभा हायेस न? मंग विश्रांती लिही." लाइन सारखी सरकायची. डोळा लागला की मागून हॉर्न. मुंबईच्या बंदरावरून रात्रभर गाडी हाणत आलेला मच्छिंद्र आज कागदावर सकाळपासून आराम करत होता.

फोन वाजला. त्याची थोरली बहीण गिरिजाबाई दवाखान्यातून बोलत होती. कावीळ झाली म्हणून मीनाला तिथं भरती केलं होतं. दवाखाना जालन्यातच, रिक्षानं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं इतका जवळ.

"मच्छिंद्र, कुठं हायेस?"

"इथंच, कारखान्यापुढं. काय म्हणते मीना?"

"तुलाच विचारून राह्यली. डॉक्टर म्हणले, जवळच्या माणसाला बोलवून घ्या. तू ये बाबा जल्दी."

"येतो बाई. गाडी लाइनीत हाये. खाली झाली की आलोच."

त्यानं बद्रीनाथला फोन लावला. बद्रीनाथ म्हणाला, "जा की, कोण न्हाई म्हणतं? पण लाइन सोडली तर नंबर गेला. मंग उद्या खाली होईल. मालकाला काय सांगू? नवा हायेस तू. घंटाभरात होतंय बघ."

पुंजाराम खाली उतरून खिडकीशी आला. परतूरचा माणूस, केस पिकलेले, या धंद्यात मुरलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"किल्ली दे इकडं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझी गाडी म्या सरकवतो. माझी मागचा सरकवीन. लाइनीत असंच चालतंय. लोक जेवून येतेत, आंघोळ करून येतेत. मागच्या साली एक जण स्वतःच्या साखरपुड्याला जाऊन आल्ता."

मच्छिंद्रनं काचेवरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. गाडी दुसऱ्याच्या हातात दिली तर नोकरी गेली, असं ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं.

"त्याच्यावर टोपी अडकव न बे!"

"न्हाई दादा. टोपी बी दिसती त्यांना."

"अरे, बायको बोलावून राह्यली तुला!"

"होईलच की आता. बारा-चौदा गाड्या तर हायेत पुढं."

पुंजाराम त्याच्याकडे पाहत राहिला. "किल्ली न देणारा ड्रायव्हर म्या आज पहिल्यांदा पाह्यला," असं म्हणून तो गेला.

मच्छिंद्रनं किल्लीला हात लावला. काढलीही. तेवढ्यात पुढची गाडी सरकली आणि त्यानं किल्ली परत बसवली.

दुपारी आतला वजनकाटा बंद पडला. लाइन जागीच थांबली. काटा सुरू झाला तेव्हा उन्हं कलली होती. भंगार उतरवून, पावती घेऊन, ट्रक आवारात लावून तो फाटकाबाहेर पळत आला आणि रिक्षात बसला.

गिरिजाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही. त्यावरूनच त्याला कळलं.

"दुपारपस्तोर शुद्धीत होती रे," ती म्हणाली. "म्या म्हणलं, गाडी लाइनीत हाये त्याची. तर म्हणली, राहू द्या, घाई नका करू म्हणावं. त्यांचा नंबर जाईल."

मच्छिंद्र तिच्या शेजारी पायरीवर बसला. त्याला रडू आलं नाही. झोप आली, आणि झोप येते याची त्याला शरम वाटली.

कागदपत्रं होऊन मीना ताब्यात मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. शववाहिकेत मागे तो आणि गिरिजाबाई, मधे मीना. गाडीवर रामप्रसाद नावाचा पोरगेला ड्रायव्हर होता. धावड्याच्या वाटेवरचं राजूर मागे पडलं आणि गाडीचं चाक डांबर सोडून खडीत उतरलं. रामप्रसादनं झटक्यानं वर घेतली.

मच्छिंद्रनं मधल्या काचेवर हात मारला. "कधीपासून चालवून राह्यला, भाऊ?"

"काल सकाळपासून. चार खेपा झाल्या ही धरून. काही न्हाई, पाणी मारतो तोंडावर."

"झाड पाहून गाडी लाव. झोप थोडा."

"गावाकडं वाट पाहत असतील न, काका."

"लाव म्हणलं न."

रामप्रसादनं निंबाखाली गाडी लावली, पुढच्या सीटवर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला.

गिरिजाबाई कुजबुजली, "अरे, सगळे खोळंबलेत तिकडं. सरण बी रचून झालं असंल."

"थांबू दे त्यांना."

रस्त्यानं गाड्या जात होत्या. मच्छिंद्र मीनाजवळ बसून राहिला. थोड्या वेळानं सावली सरकली आणि खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर आलं. तो उठला आणि उन्हाला आड होऊन बसला.