भांगातलं पांढरं

केस कापणाऱ्याला लोक काय काय सांगतात ते सांगायला बसलो तर अख्खी दुपार जाईल. पण साय आली आणि लोकांच्या तोंडाला कुलूप लागलं. खुर्चीत बसायचे, मान खाली घालायचे आणि मी मानेवरून कंगवा फिरवला की श्वास रोखून धरायचे. कारण सगळ्यात आधी कळायचं ते मला.

साय म्हणजे मोरीतून वर येते ती. दुधावरच्या सायीसारखी दिसते म्हणून कुणीतरी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. झोपलेल्या माणसावर पसरते, तासा-दोन तासांत त्याला संपवते आणि त्याच्या जागी तोच माणूस उठून बसतो. तोच तीळ, तोच खोकला, लहानपणच्या आठवणीसुद्धा त्याच. आपण कोण झालोय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. फक्त केस आणि नखं वाढत नाहीत. चार महिन्यांनी तो परत साय होतो आणि शेजारी जो झोपला असेल त्याला घेतो, नाहीतर मोरीतून दुसऱ्याच्या घरात जातो. म्हणून पालिकेने फर्मान काढलं. ज्याचे केस वाढले नाहीत त्याच्या नावाची चिठ्ठी सलूनवाल्याने शनिवारी द्यायची. सोमवारी गाडी येते. गाडी कुठे नेते ते मला विचारू नका, मीही कधी कुणाला विचारलं नाही.

अकरा चिठ्ठ्या दिल्या मी, ताठ मानेने. अकरावी समोरच्या टेलर मास्तरांची. वीस वर्षांचा दोस्त माझा, रोजचा चहा एकत्र. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आठ दिवस थांबा. फक्त आठ दिवस."

मी म्हटलं, "वहिनी, नियम तो नियम. उद्या तुमच्याच जिवावर बेतेल."

बोललो त्यात चुकीचं काही नव्हतं. पण बोलताना मी वस्तऱ्याला धार लावत बसलो होतो. त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिचे केस तिशीतच पिकायला लागले. तेव्हापासून दर वीस दिवसांनी मी तिचे केस काळे करायचो, याच खुर्चीत बसवून. एका बुधवारी, रंग लावून दोनच दिवस झाले असताना, दुपारी जेवताना ती म्हणाली, "आता पुरे झालं. होऊ देत पांढरे."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सलूनवाल्याची बायको पांढरं डोकं घेऊन फिरणार, मग माझ्याकडे रंग लावायला कोण येईल?"

"डोकं माझं आहे, तुमच्या दुकानाची पाटी नाही," ती म्हणाली.

मी भरलं ताट सरकवलं. तीही उठली आणि आत जाऊन पडली. आमचं दुकान पुढे आणि खोली मागे, मध्ये नुसता पडदा. मी बाहेर खुर्चीत फुगून बसलो. मोरीच्या जाळीवर फरशी ठेवायची, हे जेवणानंतरचं रोजचं काम माझं. त्या दिवशी रागाच्या भरात ठेवली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ती उठली, चहा टाकला. मी माघार घेतली, म्हटलं, "बरं बाई, होऊ देत पांढरे." ती हसली. भांडण मिटलं म्हणून मी खूश होतो.

वीस दिवस झाले, पंचवीस झाले. भांगात बोटभर पांढरी रेघ दिसायला हवी होती. मुळापासून काळंभोर. ती आरशासमोर उभी राहून मला चिडवायची, "बघा, तुमच्या रंगाने मुळंसुद्धा घाबरली." मी हसायचो. तिची नखं मी चोरून बघायचो. करंगळीचं नख एका कोपऱ्यात तुटलं होतं, ते तसंच तुटलेलं होतं.

शनिवार आला. मी चिठ्ठी दिली नाही.

रंग बंद केल्याचं तिने गल्लीभर सांगितलं होतं, तेव्हा डोक्यात पांढरं दिसायलाच हवं होतं. मग मी काय केलं, तर हौशी नाटकवाल्यांना मी रंगवून देतो, त्यांच्या डब्यातला पांढरा रंग काढला. तरुण पोराचा म्हातारा करायला लावतात तो. तिला खुर्चीत बसवलं, म्हटलं, मुळं भरभर यायला औषध लावतो. आणि बारीक कुंचल्याने एकेका केसाच्या बुडाशी पांढरं भरलं. पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. जे तिने जिवंतपणी मागितलं होतं ते मी तिला आता देत होतो, आणि ती नव्हतीच. तिच्यासाठी रडायचीही सोय नव्हती, कारण ती समोर बसून वाटाणे सोलत होती.

तीन महिने लोटले. हात धरला की तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे ठसे सायीवर उमटावेत तसे उमटून राहायला लागले. मी रोज तिच्याच शेजारी झोपायचो. न्यायचं तर ने मला, असं ठरवलं होतं. गल्लीतल्या सगळ्या मोऱ्या एकाच गटारात उतरतात, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

मग एका सकाळी वहिनी आल्या. मास्तरांचं दुकान आता त्याच चालवायच्या, आणि आदल्या दिवशी बायको त्यांच्याकडे कपड्याचं माप द्यायला गेली होती. वहिनींनी टेप माझ्यासमोर धरली. टेपवर पांढरा डाग होता.

"डोक्याला घासली," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले, भाऊजी?"

"तीन महिने."

मास्तर चहाला बसायचे त्या स्टुलावर त्यांनी हात ठेवला. मग म्हणाल्या, "मी तुमच्याकडे आठ दिवस मागितले होते. तुम्ही दिले नाहीत. मी देते. नववा मात्र देणार नाही, मला पोरं आहेत."

त्या गेल्या. मी मान वर करून बघितलं तर बायको पडद्यापाशी उभी. सगळं ऐकलं होतं तिने. येऊन खुर्चीत बसली आणि बोटाने भांग चोळून बघितला. मग बोट पदराला पुसलं.

"कधी?" तिने विचारलं.

"त्या बुधवारी. मी फरशी ठेवली नाही गं. मीच ठेवली नाही."

ती रडेल असं वाटलं होतं. रडलो मी. ती म्हणाली, "आठ दिवस कशाला हवेत? वहिनींची पोरं लहान आहेत. चिठ्ठी आजच लिहा. त्याआधी मला विचारायचं असेल ते विचारून घ्या. त्या दुपारचं सगळं आठवतंय मला."

त्या दुपारचं तिला काय आठवतंय, हे विचारायलाच मी तीन महिने घाबरत होतो. मी विचारलं, "झोपताना ती रागात होती का माझ्यावर?"

"आधी होती. मग नुसती पडून होती. तुम्ही दोनदा उठून पडद्यापर्यंत आलात ना? चपला वाजल्या. पहिल्यांदा तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा मात्र भिंतीकडे सरकून तुमच्यासाठी जागा केली. तुम्ही परत गेलात. तरी ती तशीच कडेला पडून राहिली, तुम्ही याल म्हणून. मग डोळा लागला."

मी तिचे केस धुतले. सगळा पांढरा रंग निघेपर्यंत धुतले, पुसले, भांग पाडून दिला. मग पालिकेची छापील चिठ्ठी लिहायला बसलो. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात बायको लिहिलं. केस शेवटचे कधी वाढले, या रकान्यापाशी पेन थांबलं. समोर ती बसली होती, तिनेच मला त्या बुधवारची तारीख सांगितली.