कुंपणापलीकडचा आवाज

कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिळता पिळता मिस्त्रींचा हात थांबला. कुंपणापलीकडे साडूने वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन सुरू केलं होतं, आणि त्याच्या ओळखीच्या घरघरीत आज काहीतरी वेगळंच कण्हत होतं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर कठड्यावर ठेवला आणि मान तिरकी केली.

इंजिन ठणठणीत होतं. साडूने बसल्या जागेवरून पाती जोडायचा खटका ओढला की ते कण्हणं सुरू होई, आणि सोडला की हळूहळू विरून जाई. पट्टा सैल असता तर खटका ओढताना तेवढा किंचाळून गप्प बसला असता. पातं वाकलं असतं तर साडूसकट सगळं मशीन हादरलं असतं. हा आवाज तसा नव्हता. दुखणं आतलं होतं.

"काय ऐकताय एवढं?" बायकोने दारातून विचारलं.

"एका पात्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. ग्रीसच नाही त्यात."

"कुणाच्या?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या."

"मग सांगा की जाऊन. चार पावलांवर तर आहे."

"शोरूमची माणसं आहेत ना त्याच्याकडे! त्यांना येईल ऐकू."

बायको आत गेली. मिस्त्रींनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

दोघी सख्ख्या बहिणी, शेजारी शेजारी घरं, मधल्या कुंपणात जाण्यायेण्यापुरती फट. साडूने ते मशीन जुनं म्हणून विकत घेतलं तेव्हापासून मिस्त्रींनीच ते जपलं होतं. गवत वाढायच्या आधी ते खोलायचं, पात्यांना धार लावायची, ग्रीस भरायचं, हे सगळं न सांगता व्हायचं. मग गेल्या वर्षी धाकटीच्या, म्हणजे साडूच्या बायकोच्या, वाढदिवसाला, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, साडू हसत हसत म्हणाला होता, "मिस्त्रींचे हात आता थरथरतात हो. परवा नट बसवायला गेले आणि तो माझ्याच कपात पडला! मशीन यंदापासून शोरूमला. मिस्त्री रिटायर!"

सगळे हसले. साडूच्या मनात काळंबेरं नव्हतं, त्याच्या जिभेलाच हाड नव्हतं. पण जन्मभर हातांवर जगलेल्या माणसाने ताट अर्धवट टाकलं आणि फटीतून घर गाठलं. त्यानंतर त्या फटीतून फक्त बहिणीच ये-जा करत राहिल्या.

पुढच्या खेपेला साडूने गवत कापायला घेतलं तेव्हा कण्हणं उरलं नव्हतं. आता जात्यात खडे भरडावेत तशी खरखर येत होती, आणि मधूनच एक 'टक्'. पात्याचा दांडा डुगडुगायला लागला होता. पात्याचं टोक वरच्या पत्र्याला शिवत होतं. मिस्त्रींची बोटं नकळत हवेत फिरायला लागली, जणू तो दांडा धरून त्याची ढिलाई जोखत होती.

भाजी निवडणाऱ्या बायकोचं लक्ष त्या बोटांकडे गेलं.

"वाढलंय का?"

"वाढणारच. असंच चालवलं तर पातं सुटेल एक दिवस."

तिचे हात थांबले. "मी सांगू का धाकटीला?"

"खबरदार. तो म्हणेल, मीच पाठवलं तुला."

"म्हणू दे की."

"नाही म्हटलं ना एकदा!"

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. मिस्त्री मात्र थोड्या वेळाने स्वतःच उठले, चपला घातल्या आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. साडू मशीनवर राजासारखा बसला होता. इंजिनच्या आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने दोन्ही कानांवर जाडजूड झापडं चढवली होती आणि काहीतरी गुणगुणत होता. मिस्त्रींना बघून त्याचा चेहरा फुलला. त्याने मशीन बंद केलं, एका कानावरचं झापड सरकवलं आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला,

"काय मिस्त्री! उतरला का राग?"

रस्त्याने कुत्र्याला फिरवत चाललेला एक गृहस्थ वळून बघायला लागला. ओठांवर आलेलं मिस्त्रींनी गिळलं.

"कुंपणावरची वेल बघायला आलो होतो," ते म्हणाले. वेलीचं एक वाळकं पान त्यांनी खुडलं आणि परत फिरले.

उद्या सांगू, त्यांनी मनाशी ठरवलं. उद्या मशीन बाहेर निघालं नाही. परवाही नाही. मशीन शांत असलं की सांगायची निकडही शांत व्हायची, आणि राग मात्र जागच्या जागी असायचा.

मग ती दुपार आली. साडूने खटका ओढला आणि पहिल्याच फेरीला मिस्त्री ताडकन उभे राहिले. टकटक आता थांबतच नव्हती. त्यांनी एका पायात चप्पल सरकवली, दुसरी तशीच टाकून ते अंगणात धावले. कुंपण हाताशी आलं असेल नसेल, तोच पत्रा फाटावा तसा आवाज झाला. मशीन गचका खाऊन बंद पडलं. क्षणभर सगळं चिडीचूप. आणि मग दोरीवरचे कपडे काढत उभी असलेली धाकटी किंचाळली.

दांडा मोडून पातं पत्र्यावर आदळलं होतं आणि त्याचा तुटलेला तुकडा गवत बाहेर फेकायच्या तोंडातून सुटून तिच्या गुडघ्याखाली बसला होता. साडू झापडं कानांवर तशीच ठेवून तिच्याकडे धावत होता. मिस्त्रींनी फटीतून पलीकडे जाऊन तिला उचलायला हात दिला. त्या वेळी ते हात जराही थरथरले नाहीत.

हाड जुळवायला सळई घालावी लागली. चालता येईल, पण काठी सुटेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायको बहिणीच्या उशाशी दवाखान्यातच राहिली. घरी यायची ती अंघोळीपुरती, आणि मिस्त्रींकडे न बघता परत जायची.

धाकटीला घरी आणल्यावर साडू एका सकाळी फटीतून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मशीन उघडून बघता का? काय झालं ते तरी कळू दे."

मिस्त्रींनी मशीन खोललं. त्यांना काय सापडणार हे ठाऊकच होतं. बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा झाला होता, तापून तापून दांडा निळा पडला होता. साडू शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"अचानक होतं का हो असं?"

मिस्त्री चिंधीने बोटं पुसत राहिले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

"होतं कधी कधी," ते म्हणाले.

"चहा घ्या हो दोघं!" व्हरांड्यातून धाकटीने हाक मारली. ती खुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर. बायको कपांत चहा ओतत होती. मिस्त्री समोर येऊन बसले तशी धाकटी त्यांच्याकडे बघत म्हणाली,

"भाऊजी, रागावणार नसाल तर एक सांगू? एकदा कान तपासून घ्या."

"का गं?"

"हे तर झापडं लावून बसतात, यांना काय ऐकू येणार! पण मी पडल्या पडल्या सारखा विचार करत होते. रस्त्यावरून गाडी गेली तरी तिला काय झालंय ते तुम्ही घरात बसून सांगायचात. पहिल्यासारखे कान असते, तर कुंपण मोडून आला असतात तुम्ही." तिने पुढे वाकून त्यांच्या हातावर थोपटलं. "वय होतं हो सगळ्यांचंच. त्यात लाजायचं काय?"

"मी हातांबद्दल बोललो तर वर्षभर अबोला," साडू म्हणाला. "कानांबद्दल मी बाबा तोंड उघडत नाही."

धाकटी हसली. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिने किटली खाली ठेवली. एका कपाची बशी उगाचच सरळ केली. मग ती त्यांच्या जवळ आली, कानाशी वाकली आणि मोठ्या आवाजात म्हणाली,

"अहो, ऐकू आलं का? कान तपासून घ्या म्हणतेय ती!"

मिस्त्रींनी कप बशीत ठेवला.

"हो," ते म्हणाले. "घेतो तपासून."

दुपारी दोघं फटीतून घरी आले, ती पुढे, ते मागे. बायकोने स्वयंपाकघरात जाऊन भांडी मांडायला घेतली. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसले. घरात तिसरं कुणी नव्हतं. खिडकी बंद होती, नळही बंद होता. तिने पाठ न वळवता, मघाच्याच चढ्या आवाजात विचारलं,

"जेवायला आत्ता वाढू, की थोड्या वेळाने?"

एवढंसं ते स्वयंपाकघर, तिथे पुटपुटलेलंही ऐकू यावं. मिस्त्री बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती वळेल असं त्यांना वाटलं. ती वळली नाही.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.